पाच वाजताचा पाचवा

टाळेबंदीच्या तिसऱ्या आठवड्यात लीलाधर फिरके यांच्या असं लक्षात आलं, की देशात एवढं सगळं घडतंय आणि त्यावर आपलं मत अजून कुणीही विचारलेलं नाही.

जळगावातल्या एका सरकारी कार्यालयात ते वरिष्ठ लिपिक होते. कार्यालय चालू असताना मताची सोय होती. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की मतही उघडायचं. आता घरात ऐकायला एकट्या पुष्पाबाई, आणि पुष्पाबाईंना राजकारणातलं काही कळत नाही, हे लीलाधररावांनी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं होतं. अठ्ठावीस वर्षांत या निर्णयाचा फेरविचार करण्याची वेळ आली नव्हती.

तेव्हा पुण्यात नोकरीला असलेल्या साक्षीनं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, फोनवर मिटिंगचं ॲप घालायला शिकवलं. रोज साडेचारला ती ‘घर’ नावाच्या ग्रुपवर एकच ठरलेली लिंक टाकणार, लीलाधरराव ती तिघा मित्रांना पाठवणार, आणि पाच वाजता चौघांनी समाज, राजकारण आणि संस्कृती यांवर सांगोपांग चर्चा करायची. लीलाधररावांनी याचं रीतसर टिपण केलं आणि खाली तारीख घालून सहीसुद्धा केली. टिपण कुणाला सादर करायचं हे न सुचल्यामुळे ते फ्रिजवर ठेवलं.

तिघं मित्र म्हणजे धुळ्याचे अभिमन, बियाणांचं दुकान चालवणारे आणि अहिराणीशिवाय दुसऱ्या कशात रागावता न येणारे. सावद्याचे भूपेंद्र, केळीचे व्यापारी, प्रत्येक वाक्याआधी इकडेतिकडे बघणारे. आणि जळगावातच महाबळकडे राहणारे धम्मपाल सुरवाडे, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारे. चौघांत पुस्तकं वाचणारे ते एकटेच होते. त्यामुळे त्यांना बोलायला सर्वांत कमी मिळायचं.

शेजारचे पितांबरनाना एसटीतून निवृत्त झालेले. त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवरून सल्ला दिला, “फोन पिठाच्या डब्यावर उभा करा. खालून धरला की नाकपुड्या दिसतात, मग माणसाचं म्हणणं कोणी गंभीरपणे घेत नाही.” सल्ला मानला गेला. त्या दिवसापासून चार ते सहा पिठाचा डबा बैठकीच्या खोलीत राहू लागला, आणि पुष्पाबाईंना भाकरीचं पीठ साडेतीनलाच काढून ठेवावं लागू लागलं.

पहिले दिवस फारच उत्तम गेले. थाळ्या वाजवाव्यात की नाही, पायी निघालेल्या मजुरांचं काय, माणसं घरात कोंडली की संस्कृती वाढते की फक्त पोट वाढतं, यांतलं काहीही सुटलं नाही. लीलाधररावांनी आपल्या साहेबांविषयीही मन मोकळं केलं. साहेब सही करण्याआधी पेनाचं टोपण शोधण्यात सकाळ घालवतात आणि सापडलं की जेवायला जातात, अशा माणसाच्या हातात जिल्ह्याची आपत्ती द्यायची का, असा सवाल त्यांनी केला. चौदा एप्रिलला तर ते समतेवर सलग चाळीस मिनिटं बोलले. अभिमननं डोळे पुसले, भूपेंद्रनं इकडेतिकडे बघितलं आणि धम्मपाल सरांनी हसून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी उकाडा भयंकर होता. बोलता बोलता घामाचा थेंब फोनवर पडला, म्हणून लीलाधररावांनी पंच्यानं काच पुसली. काचेवरची चार चौकोनांची पाटी बाजूला सरकली आणि मागून दुसरी पाटी आली. तिच्यावर एकच चौकोन होता, काळा. त्यात चेहरा नाही, आवाज नाही. खाली फक्त नाव होतं : माय फोन.

“आपल्यात पाचवा कोण आहे?” लीलाधररावांनी विचारलं.

सगळ्यांनी आपापली पाटी सरकवून पाहिली. सगळ्यांकडे तो होता.

“माय फोन?” अभिमन म्हणाला. “हाई कोनी माय शे रे भो?”

“इंग्रजीतलं माय आहे ते,” धम्मपाल सर म्हणाले. “म्हणजे माझा फोन. फोनला नाव दिलेलं नसेल.”

“हॅलो, कोण आहे?” लीलाधरराव म्हणाले. मग तेच त्यांनी हिंदीत विचारलं, कारण पाळत ठेवणारे हिंदीत असतात असं त्यांचं मत होतं. काळा चौकोन तसाच राहिला.

खरी धडकी पुढे भरली. ही दुसरी पाटी आजवर कुणी सरकवलीच नव्हती. म्हणजे हा पाचवा आज आलाय, की पहिल्या दिवसापासून आहे? लीलाधररावांना आठवेल तसतसा घाम फुटू लागला. थाळ्या, मजूर, मंत्री, आणि पेनाचं टोपण. त्यांना शासकीय कर्मचाऱ्यांचे वर्तणुकीचे नियम पाठ होते. इतरांच्या फाइलींत ते नियम लाल शाईनं दाखवून देणं हा त्यांचा आवडता छंद होता.

पितांबरनाना भिंतीवरून म्हणाले, “मी तं आधीच सांगणार होतो. फोन बंद असला तरी ऐकतो. मी नुसतं घरात म्हटलं, की गुडघा दुखतोय, तं लगेच गुडघ्याच्या तेलाची जाहिरात! गुडघा माझा, मी घरात बोललो, त्यांना कसं कळलं?”

“मग करायचं काय?”

“सांकेतिक बोला.”

झालं. लीलाधररावांनी तिघांना फोन करून शब्द ठरवून दिले. साहेब म्हणजे केळी. सरकार म्हणजे सासरे. कोरोना म्हणजे पाहुणे. दुसऱ्या दिवशी चर्चा सुरू झाली.

“सासरे नुसतेच बोलतात,” लीलाधरराव म्हणाले. “हातात काही ठेवत नाहीत. वर आपल्यालाच टाळ्या वाजवायला लावतात.”

“सासराले अक्कल नही शे,” अभिमन म्हणाला.

“आणि आमच्याकडची केळी तर पार सडलेली. वरून पिवळी दिसते एवढंच.”

“कोणत्या बागेतली?” भूपेंद्र दचकून म्हणाला. “अहो, माझा माल खरंच पडून आहे! ट्रक मिळत नाही. आता तुम्ही म्हणताय केळी सडली, ते साहेबांचं की माझं?”

“साहेबांचं.”

“मग नाव घेऊन सांगा ना! माझ्या छातीत धडधडलं.”

त्या संध्याकाळी पुष्पाबाईंनी ताट जरा आदळूनच ठेवलं आणि भरीत इतकं तिखट केलं की लीलाधररावांच्या कानातून वाफा आल्या. उन्हाळ्यात मिरची चढते, एवढीच त्यांनी नोंद घेतली.

दोन दिवसांनी काळ्या चौकोनाचा आवाज चुकून क्षणभर सुरू झाला. सगळ्यांनी ऐकलं. कुकरची शिट्टी. एक, दोन, तीन. मग आवाज बंद.

आता धागा सापडला होता. पाच वाजून वीस मिनिटांनी कुणाच्या घरात कुकर लागतो? लीलाधररावांनी चौकशी आरंभली. अभिमन उखडला, “मन्हा घर कुकरच नही शे! आम्ही पातेलामा भात रांधतस! मन्हावर संशय लेस का?” भूपेंद्रच्या घरी कुकर होता, पण त्याची शिट्टी बिघडलेली. धम्मपाल सर म्हणाले, “आहे आमच्याकडे. पाचला लागत नाही, सातला लागतो. हवं तर माझ्या बायकोला, सपनाला विचारा.” लीलाधररावांनी आपल्या घराचीही तपासणी केली, कारण ते निःपक्षपाती होते.

“आपल्याकडे कुकर पाचला लागतो का गं?”

“मग काय रात्री लावू?” पुष्पाबाई म्हणाल्या. “दाळ शिजायला नको?”

लीलाधररावांनी वहीत लिहिलं : ‘सदर घरी कुकर नियमित लागतो. संशयास्पद काही आढळले नाही.’

दुसऱ्या दिवशी दुपारी भूपेंद्रचा स्वतंत्र फोन आला. इकडेतिकडे बघितल्यासारखा थांबत थांबत तो बोलला, “लीलाधरभाऊ, लिंक फक्त आपल्या चौघांकडे. अभिमन भोळा आहे. माझं तुम्हाला माहीत आहे. मग राहिलं कोण? मी काही म्हणत नाही. पण सरांच्या लोकांच्या संघटना असतात, मिटिंगा असतात... त्यांच्यापैकी कुणी ऐकत असेल. आपण काय काय बोलतो ते.”

इथे लीलाधररावांनी काय म्हणायला हवं होतं ते त्यांनी चौदा तारखेला चाळीस मिनिटं सांगितलंच होतं. पण आता ते म्हणाले, “हं.” मग म्हणाले, “मलाही वाटलंच होतं.” वाटलेलं काहीच नव्हतं. पण भूपेंद्रला आपल्या आधी वाटावं, हे त्यांच्या मनाला लागलं.

त्यांनी साक्षीला सांगून त्या दिवशी नवी लिंक करून घेतली. नेहमीप्रमाणे ती ‘घर’ ग्रुपवर आली आणि नेहमीप्रमाणे त्यांनी ती पुढे पाठवली. फक्त या वेळी दोघांनाच, अभिमन आणि भूपेंद्र यांना.

पाच वाजले. तिघं आले. पाच वाजून दोन मिनिटांनी काळा चौकोन आला. माय फोन.

आता या घडीला शांतपणे विचार करणाऱ्या माणसाला कळलं असतं, की ज्याला लिंकच दिली नाही तो यात असणार कसा? पण लीलाधररावांचं डोकं उलट चाललं. एवढा सुगावा लावणारा म्हणजे पुस्तकं वाचणाराच! त्यांनी घसा साफ केला आणि साहेबांच्या आवाजात म्हणाले, “सुरवाडे सर, आता लपण्यात अर्थ नाही. आम्हाला सगळं कळलंय. कॅमेरा सुरू करा.”

चौकोन काळाच राहिला. अभिमन हळूच म्हणाला, “लीलाधरभाऊ, ऱ्हाऊ द्या ना...”

“राहू कसं देऊ? चौघांत बसून एकानं कान दुसऱ्यासाठी लावायचा, ही मैत्री झाली?”

तेवढ्यात त्यांच्या फोनवर फोन आला आणि मिटिंग थांबली. धम्मपाल सर बोलत होते.

“फिरके, मी दहा मिनिटं एकटाच बसलोय. लिंक बदलली का?”

सारवासारव करायला अजून जागा होती. पण लीलाधरराव अजून साहेबांच्याच आवाजात होते. “तुम्ही तर आत आहात ना?”

“कुठे आत?”

“माय फोन.”



“म्हणजे मी,” धम्मपाल सर म्हणाले. “बरं. चौदा तारखेला मी टाळ्या वाजवल्या होत्या, फिरके.” आणि त्यांनी फोन ठेवला.

लीलाधररावांना रात्रभर झोप लागली नाही. धम्मपाल नव्हते, तर मग कोण? सकाळी पितांबरनाना म्हणाले, “पोलिसांत जा. जो आधी पोचतो तो फिर्यादी. तुमच्या आधी तो पोचला तं तुम्ही आरोपी.”

औषधाची रिकामी पट्टी खिशात ठेवून, दोन नाक्यांवर ती दाखवून, लीलाधरराव पोलीस ठाण्यात पोचले. भिकन नावाचा हवालदार झाडाखाली टेबल मांडून बसला होता. मास्क हनुवटीवर होता आणि डोळ्यांत जवळजवळ चार आठवड्यांची झोप.

“किती जण जमता?” भिकननं विचारलं.

“चार. पण जमत नाही, फोनवर.”

“आणि तो पाचवा धरून?”

“पाच.”

भिकननं पेन खाली ठेवलं. “साहेब, जमावबंदी लागू आहे. पाच झाले की जमाव.”

“अहो, पण पाचवा आम्ही बोलावलेला नाही! तीच तर तक्रार आहे!”

“बोलावलेला असो की नसो. मोजताना पाचच भरतात ना? तक्रार लिहिली तं आधी जमाव लिहावा लागंल, मग पाचवा.” तो विचारात पडला. “आणि जमाव झाला कुठं? ठिकाण काय लिहू? जळगाव लिहू, का धुळं, का सावदा? सावदा आमच्या हद्दीत येत नाही.”

लीलाधररावांनी आयुष्यभर लोकांना असेच प्रश्न विचारले होते. समोरच्या बाजूनं ते कसे लागतात हे त्यांना प्रथमच कळत होतं. ते काकुळतीला आले. भिकनला दया आली असावी. तो म्हणाला, “पाचला माझी फेरी तुमच्याच गल्लीत असते. तुम्ही मिटिंग लावा. मी दारातून ऐकतो.”

पाच वाजता पिठाचा डबा, त्यावर फोन, फोनमध्ये अभिमन आणि भूपेंद्र. दारात भिकन, सहा फुटांवर. चौथा चौकोन आला. माय फोन. लीलाधरराव मोठ्यानं म्हणाले, “आज आपण विवेक या विषयावर बोलणार आहोत.”

भिकननं मान वाकडी केली. पुन्हा सरळ केली. “साहेब, परत बोला.”

“विवेक या विषयावर...”

“तुमचा आवाज दोन वेळा येतोय,” भिकन म्हणाला. “एकदा खोलीतून. आणि एकदा घरामागून.”

तो काठी टेकत घराच्या बाजूनं मागच्या अंगणात गेला. मागोमाग लीलाधरराव. हातातला फोन चालूच होता, त्यामुळे अभिमन आणि भूपेंद्रही आले.

मागच्या भिंतीवर लोणच्याच्या बरणीला टेकून साक्षीचा जुना फोन उभा होता. अलीकडे पाटावर पुष्पाबाई शेंगा सोलत होत्या. पलीकडे, आपल्या अंगणात, पितांबरनानांच्या तानुबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. तोंडाला पदर, अंतर बरोबर सहा फूट. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुकरनं शिट्टी दिली.

“या दोघी?” भिकन म्हणाला. “यांच्यासाठी तुम्ही ठाण्यावर आलते?”

“मी तं फक्त ऐकत होती,” तानुबाई म्हणाल्या आणि खुर्चीसकट घरात गेल्या.

“तुला लिंक कुणी दिली?” लीलाधररावांचा आवाज फाटला.

“तुमच्या पोरीनं रोज ‘घर’वर टाकली. त्या ग्रुपात तुम्ही, ती आणि मी. तिघंच आहोत आपण त्यात.” पुष्पाबाईंनी शेंग मोडली. “मी आहे तिथं, हे तुम्हाला आठवलंच नाही.”

“पण ऐकायचं होतं तर खोलीत येऊन बसायचं!”

“खोलीत आली की तुम्ही म्हणता चहा ठेव.”

भिकन खाली बघून हसू गिळत होता. फोनमधून अभिमन म्हणाला, “वहिनी बराबर बोली ऱ्हायन्यात.”

“आणि माझ्या वडलांनी तुमचं काय वाकडं केलं होतं हो? सासऱ्याला अक्कल नाही, सासरे टाळ्या वाजवायला लावतात. चार दिवस मी काही बोलली नाही.”

“ते सरकारबद्दल होतं!”

“मग सरकार म्हणायचं. एवढं घाबरता तं बोलता कशाला?”

भिकननं पाचवा घरचाच असल्यानं जमाव कुटुंबात मोडतो, असा निकाल दिला आणि फेरीवर निघून गेला. पितांबरनाना त्यानंतर दोन दिवस भिंतीवर दिसले नाहीत. लीलाधररावांनी पायरीवर बसून पंच्यानं तोंड पुसलं. आपली किती फजिती झाली याचा ते हिशेब लावत होते. तेवढ्यात पुष्पाबाईंनी शेंगांची टोपली बाजूला ठेवली.

“काल तुम्ही धम्मपाल सरांना बोललात ना, तेव्हा मी फोन हातात घेतला होता. सांगणार होती, की सर नाहीत, मी आहे. ते आवाजाचं बटण मला सापडलं नाही. तानुबाईनं सगळं दाबून पाहिलं. तोवर तुम्ही बोलून मोकळे झाले.” त्यांचे डोळे भरून आले होते. “त्यांचंच नाव कसं आलं हो तुमच्या तोंडात? चौघं होते ना?”

लीलाधररावांकडे मुद्दे बरेच होते. पण एकही पुष्पाबाईंसमोर मांडण्याजोगा नव्हता.

संध्याकाळी त्यांनी धम्मपाल सरांना सात फोन केले. उचलला नाही. मग पत्र लिहायला बसले. ‘विषय : काल रोजी झालेल्या गैरसमजाबाबत’ असं लिहून झाल्यावर पुढे ‘उपरोक्त विषयान्वये’ असं आपोआप आलं. पुष्पाबाईंनी ते वाचून फाडलं. “जाऊन या,” एवढंच म्हणाल्या.

सकाळी भाजीसाठी दुकानं उघडी असायची, तेवढ्या वेळात लीलाधरराव स्कूटर घेऊन महाबळला निघाले. तिथे पोचल्यावर त्यांना कळलं, की धम्मपाल सरांचं घर कुठलं हे आपल्याला माहीत नाही. वीस वर्षांची ओळख. सर आपल्याकडे दोन वेळा जेवून गेलेले. त्यांच्या नव्या घराचं आमंत्रण आलं होतं तेव्हा कार्यालयात ऑडिट होतं. निदान आपण तसं सांगितलं होतं. औषधाच्या दुकानात विचारून त्यांनी घर शोधलं.

धम्मपाल सर फाटकाच्या आत कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांनी नळी खाली ठेवली. फाटक उघडलं नाही.

“पाचवा सापडला,” लीलाधरराव म्हणाले. “पुष्पा होती. चूक माझी. माफी मागायला आलो.”

“सापडला म्हणून आलात,” धम्मपाल सर म्हणाले. “नसता सापडला तर?”

लीलाधररावांच्या डोक्यात दोन-तीन चांगली वाक्यं तयार होती. येताना स्कूटरवर त्यांनी ती घोटली होती. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून त्यांतलं एकही बाहेर येईना.

“नसतो आलो बहुतेक,” ते म्हणाले.

धम्मपाल सरांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग घराकडे वळून म्हणाले, “सपना, चहा टाक. फिरके आलेत.”

फाटक बंदच होतं. साथीमुळे बंद आहे की दुसऱ्या कशामुळे, हे लीलाधररावांना कळेना आणि विचारायची सोय नव्हती. सपनाताईंनी चांगल्यातली फुलांची कपबशी आणून फाटकाशेजारच्या भिंतीवर ठेवली आणि मागे सरल्या. लीलाधररावांचा हात मास्ककडे गेला आणि तिथे थांबला. दुसऱ्याच्या घरचा कप, आणि दिवस असे. क्षणभरच थांबला. पण धम्मपाल सरांनी तो क्षण पाहिला, आणि त्यांनी पाहिला हे लीलाधररावांनी पाहिलं.

त्यांनी मास्क ओढून काढला आणि अख्खा कप एका दमात तोंडात ओतला.

चहा नुकताच उतरलेला होता. जिभेपासून घशापर्यंत आग झाली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते फाटक धरून उभे राहिले आणि तोंड उघडून नुसती हवा घेऊ लागले.

“अहो, हळू!” सपनाताई ओरडल्या.

लीलाधररावांनी काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. जीभ वळेना. धम्मपाल सरांनी नळी उचलून ओंजळीत पाणी दिलं, मग दुसऱ्यांदा दिलं, आणि दोघांच्या मध्ये फाटक असतानाच बोलायला सुरुवात केली. नोकरी लागल्यावर याच शहरात खोली शोधताना आडनाव सांगितल्यावर काय काय झालं, इथून त्यांनी आरंभ केला. दुकानं बंद करायला लावणारी पोलिसांची गाडी कोपऱ्यावर येईपर्यंत ते सावकाश बोलत राहिले, आणि लीलाधरराव उन्हात उभं राहून शेवटपर्यंत ऐकत राहिले.